बंद दाराआडचा साक्षीदार

१

मेलेल्या माणसाने सुनेला आणि नातीला घराबाहेर काढलं होतं. निदान कागद तरी तसंच सांगत होता.

कागद घेऊन आली होती सुनिता, भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एका गावाहून. आम्ही विधी सहायकाचा अभ्यासक्रम करणारे दर शनिवारी जळगावला दिपमाला मॅडमच्या ऑफिसात बसायचो. मॅडम वकील, मालमत्तेचा कायदा आम्हाला त्याच शिकवायच्या. आलेल्या माणसाचं ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि मध्ये बोलायचं नाही, एवढंच आमचं काम. माझ्या मांडीवर माझी दीड वर्षाची लेक असायची, तिलाही हाच नियम लागू होता. ती माझ्यापेक्षा बरा पाळायची.

सुनिताची हकिकत अशी. नवरा समाधान अपघातात गेला, सासू इंदिराबाई त्याच्याही आधी. घरात उरले सासरे हिलाल नाना, ती आणि तिची चार वर्षांची मुलगी, आजीच्या नावाची इंदू. दिवाळीच्या सुमारास नाना झोपेतच गेले. उत्तरकार्य आटोपलं आणि नानांचा पुतण्या जगदीश याने मृत्युपत्र बाहेर काढलं. केळीचं शेत, विहीर, राहतं घर, सगळं जगदीशला. सातबाऱ्यावर आपलं नाव लावायला त्याने अर्ज दिला होता, त्याची गावच्या चावडीवर सर्कल अधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागली होती आणि जगदीशने आत्ताच सांगून ठेवलं होतं की केळीचा माल उतरला की घर रिकामं करा.

आमच्यातल्या एकाने विचारलं, साध्या कागदावरचं मृत्युपत्र कसं चालेल? मॅडम म्हणाल्या, चालतं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. शेत नानांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं, म्हणजे ते कुणालाही द्यायला मोकळे होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मृत्युपत्रच नसतं तर? मी म्हटलं, मेलेल्या मुलाची बायको आणि त्याची मुलगी या पहिल्या वारस. म्हणजे सगळं या दोघींचं.

"बरोबर. आणि मृत्युपत्र टिकायला काय लागतं? दोन साक्षीदार. प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना डोळ्यांनी पाहिलेलं हवं, किंवा ही माझी सही असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं." मॅडम सुनिताकडे वळल्या. "सही नानांची वाटते का तुला?"

आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती नाही म्हणाली असती तर काम सोपं होतं.

"नानांचीच आहे," सुनिता म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

२

मॅडमनी मला गावी जायला सांगितलं. का मलाच, असं विचारल्यावर म्हणाल्या, "कडेवर लेकरू असलं की बाईच्या तोंडावर कुणी दार लावत नाही."

मृत्युपत्रावर तारीख होती गेल्या श्रावणातल्या कानबाईच्या रविवारची, म्हणजे खान्देशात घरोघरी ही देवी बसते त्या दिवसाची. त्या दिवशी सुनिता गावात नव्हती. इंदूला डेंग्यू झालेला, मायलेकी जळगावला दवाखान्यात होत्या. हे साऱ्या गावाला माहीत होतं. मला पहिली शंका तिथेच आली, पण शंकेला कायद्यात किंमत नसते.

जगदीशची आई भिकुबाई अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. नानांची ती थोरली भावजय. भाऊबंदकीतली सगळ्यात वडीलधारी बाई, आणि मृत्युपत्र टिकलं तर फायदा तिच्याच घराचा. म्हणून मी जपून बोलत होते. तिने मात्र आधी माझ्या लेकीचा पाय चाचपला, अंग गरम लागतं म्हणाली (मी घाबरून कपाळ, पोट, मान सगळं पाहिलं, काही नव्हतं), वाटीत दूध आणून दिलं आणि मगच मला विचारलं की तू कुणाची.

मृत्युपत्राचं काढताच तिने शेंगांच्या टोपलीत डोळे घातले. "कागदनं माले काय समजस, बाई?"

कानबाईचं विचारल्यावर मात्र खुलली. देवी नानांच्याच घरी बसते. त्या दिवशी सगळी भाऊबंदकी तिथे. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू दळायचे, रोट करायचे आणि भाऊबंदांनीच ते संपवायचे. दाराची कडी वडीलधारी म्हणून तिच्याच हातात. धाकट्या लेकीचा नवरा, पहूरचा जावई, नेमका त्याच वेळी टपकला. त्याला शेजारच्या ओट्यावर बसवून पोहे दिले, तर तो अजून फुगलेला आहे. मी हसले. अक्का हसली नाही.

"पंगत उठस नही तोवर कडी निंघत नही. आमन्हा घरमा दार लावं का मंग देव बी बाहेर उभा ऱ्हास."

तेवढ्यात जगदीश आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं अगदी मऊ. ताई-ताई करून त्याने मला खुर्ची दिली. नानांनी आपणहून दिलं, मी मागितलं नव्हतं, असं म्हणाला. सुनिता वहिनी तरुण आहे, उद्या दुसरं लग्न करील, मग शेत कुणाच्या घरात जाईल याची नानांना काळजी होती, हेही म्हणाला. जाताना मला बसस्टँडपर्यंत सोडायला निघाला आणि वाटेत थांबून बोलला,

"कायदा शिकताय ना ताई? मग एक बघा. दोन्ही साक्षीदार घरचे घेतले असते तर तुम्हीच म्हणाला असता, घरचेच आहेत. म्हणून एक बाहेरचा घेतला. त्याला यातलं काडीचंही मिळणार नाही. त्याला भेटा."

इतका निर्धास्त माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता.

३

घरचा साक्षीदार म्हणजे अमृत, जगदीशचा चुलतभाऊ. शेतात ठिबकच्या नळ्या बसवायची कामं घ्यायचा. मी गेले तेव्हा नानांच्याच केळीत वाकून एक फुटकी नळी जोडत होता. सुनिता आणि इंदू माझ्याबरोबर बांधावर आल्या होत्या.

त्याने सांगितलं ते सरळ होतं. कानबाईचा रविवार. रोटाचं जेवण झालं आणि पुढच्या खोलीत नानांनी सही केली. समोर जगदीश, सावद्याचे व्यापारी प्रेमराज शेठ आणि तो स्वतः.

मी विचारलं, घरात एवढी माणसं असताना आणखी कुणीच कसं पाहिलं नाही?

"दार लावलेलं होतं ना. बाकीचे पुरुष मागच्या अंगणात हात धूत होते, बाया स्वयंपाकघरात. पुढच्या खोलीत आम्हीच."

या उत्तरात फट नव्हती. गावकऱ्यांना विचारून उपयोग नाही, कारण दार बंद. घरातल्यांना विचारून उपयोग नाही, कारण ते मागे. मॅडमनी वर्गात एकदा सांगितलं होतं की खरं बोलणारा माणूस अडखळतो, कारण तो आठवत असतो. अमृत एकदाही अडखळला नाही.

अडखळला तो इंदूपाशी. ती "अमरुतकाका, मले झोका देशीन का?" म्हणत त्याच्याकडे धावली, आणि त्याने नळी तशीच सोडून दिली. पाणी त्याच्या पायावर उडत राहिलं. "नंतर," म्हणाला आणि केळीच्या ओळीत शिरला. तो पुन्हा बाहेर आलाच नाही.

सुनिता हळूच बोलली, "समाधान गेल्यावर हाच आला होता रोज. आता माझ्याकडे बघत पण नाही."

मला तो माणूस वाईट वाटेना. पण वाईट नसलेल्या माणसाने दिलेली साक्ष मोडणं जास्त अवघड.

४

सावद्याला केळीचे ट्रक भरत होते. हमाल घडांच्या फण्या कापून क्रेटमध्ये लावत होते, आणि प्रेमराज शेठ सावलीत खुर्ची टाकून सगळ्यांना सूचना देत होते, कुणी ऐकत नसतानाही. गोरा, गोल, हसतमुख माणूस. माझ्या लेकीच्या दोन्ही हातांत त्यांनी एकेक केळं दिलं. मी एक हळूच काढून घेतलं, तिला सर्दी होती.

बोलायला त्यांना आग्रह करावा लागला नाही. नानांचा माल ते वर्षानुवर्षं घेत होते, जगदीशच मध्ये असायचा. त्या रविवारी घडांचा अंदाज घ्यायला गेले होते, तर नानांनी जेवायलाच बसवून घेतलं.

"आमच्या घरी कानबाई बसत नाही, त्यामुळे मला मोठं अप्रूप. नानांच्या मांडीला मांडी लावून बसलो पंगतीत. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. नानांनी स्वतःच्या हाताने वाढलं. नको म्हणलं तरी वाढलं. असा मोकळा माणूस!"

मी विचारलं, मग सही कधी झाली?

"हात धुतले आणि लगेच. पुढच्या खोलीत. पेन माझंच. नानांनी सही केली, मग अमृतने, मग मी. दार लावलेलं होतं, शांतपणे झालं सगळं."

अमृतने सांगितलं तेच. खोली तीच, वेळ तीच, दारही तेच बंद. दोन साक्षीदार, दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही. मी वहीत लिहून घेतलं, धन्यवाद म्हटलं आणि हरल्यासारखी बसमध्ये बसले. सुनिताला काय सांगायचं, तिने चार वर्षांच्या पोरीला घेऊन कुठे जायचं, याच विचारात होते. मांडीवरची माझी लेक झोपली. झोपेत तिच्या मुठीत ते केळं तसंच.

भुसावळ मागे पडलं आणि मला माझ्या लग्नानंतरचा पहिला श्रावण आठवला. माझं सासर धुळ्याकडचं. माझा सख्खा भाऊ मला भेटायला पिशवीभर खाऊ घेऊन आला होता, रोटाच्याच वेळी. सासूबाई त्याच्यावर जीव टाकायच्या, तरी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मी आत पंगतीत होते आणि तो बाहेर कुत्र्याशी बोलत उभा होता.

मी ताडकन ताठ झाले. शेजारच्या बाईने विचारलं, उतरायचं का?

मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंगतीचं वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"हे खरं आहे," शेवटी म्हणाल्या. "पण त्या दिवशी दार कधी उघडलं हे छातीठोक सांगू शकेल असं माणूस त्या घरात एकच आहे. ती त्याची आई आहे."

५

चावडीत माणसं मावत नव्हती. टेबलामागे सर्कल साहेब. एका बाजूला जगदीश, अमृत आणि प्रेमराज शेठ, दुसऱ्या बाजूला मॅडम, सुनिता, बाकावर उभी इंदू आणि मी. माझी लेक आज सासूबाईंकडे होती. तिने दूध घेतलं असेल का, हा विचार मी दर थोड्या वेळाने बाजूला सारत होते. भिकुबाई अक्का भिंतीशी बसली होती, पदर डोक्यावर घट्ट.

दोन्ही साक्षीदारांनी आपापलं सांगितलं. जगदीश समाधानाने मान हलवत होता. मॅडमनी साहेबांना सांगितलं की दोन प्रश्न आमची विद्यार्थिनी विचारील. मी उभी राहिले.

पहिला प्रश्न प्रेमराज शेठना. तुम्ही पंगतीत बसून रोट खाल्ले, हे नक्की?

"नानांच्या शेजारी बसून," शेठ म्हणाले. "अजून चव तोंडावर आहे."

मागच्या ओळीत कुणीतरी खाकरलं. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. शेठना वाटलं, आपलं बोलणं आवडलं. ते हसले.

मी जगदीशकडे वळले. "भाऊ, दुसरा प्रश्न तुम्हाला. कानबाईचे रोट तुम्ही परक्या माणसाला वाढले?"

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. प्रश्न कायद्याचा नव्हता. चावडीत त्याचे सगळे भाऊबंद बसले होते. त्या दिवशीच्या पंगतीत त्यातला प्रत्येक जण होता. हो म्हणावं तर सगळेच उठून खोटं म्हणतील, वर देवीचा नेम मोडल्याचं पाप कपाळी. नाही म्हणावं तर साक्षीदार खोटा.

"पंगतीत नव्हते," तो म्हणाला. "शेठ बोलायच्या भरात बोलले. बाहेर ओट्यावर बसले होते."

"दार लावलेलं होतं, असं अमृतभाऊ म्हणाले. शेठही म्हणाले. मग ओट्यावर बसून त्यांनी बंद दारातून सही कशी पाहिली?"

कुणीतरी हसलं. जगदीशने बाह्या ओढल्या, मग म्हणाला की सहीच्या वेळी दार उघडून शेठना आत घेतलं होतं. पंगत उठायच्या आधी कडी काढली होती का, हे आता कुणाला आठवणार?

आता सारं भिंतीपाशी येऊन थांबलं. मॅडमनी अक्कांना विचारलं, त्या दिवशी कडी कुणाच्या हातात होती?

"आई, तू घरी जा," जगदीश म्हणाला. "ऊन झालंय."

अक्का उठली. मला वाटलं, गेली. अक्का चालत टेबलापाशी आली. मुलाकडे तिने पाहिलं नाही.

"कडी मी लावी, मीच काढी. पुरा पंगत उठनी, बठ्ठा हात धुईसन बाहेर निंघनात, तव्हय काढी. हाऊ माणूस घरमा नव्हता. वटावर बी नव्हता. वटावर मन्हा जावई व्हता."

पहूरचा जावई मागे उभा होता. "मीच होतो," तो म्हणाला. "पोहे खात." त्याचा राग अजून गेलेला नव्हता, आणि आज तो सगळ्या गावाच्या कामी आला.

अक्का थांबली नाही. गहू मोजायच्या वेळी नाना आपल्यापाशी आले होते, असं तिने सांगितलं. रोटाच्या गव्हात घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठ पडते, बायकापोरींच्या नावाने नाही. नाना मात्र हटून बसले होते.

"माले म्हने, वहिनी, इंदूना नावनी बी मूठ टाक. पोर दवाखानामा शे, पण मन्हा घरनी शे." तिचा आवाज फाटला. "त्याच दिन तो तिले घरमाईन काढी का रे, जगदीश?"

उत्तर दिलं अमृतने. खाली बसून, डोकं धरून. ठिबकच्या अनुदानासाठी नानांच्या कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. त्यातला एक जगदीशकडे राहिला. नाना गेल्यावर त्यावर मजकूर चढला आणि खाली साक्षीदार म्हणून अमृतची सही. आधी दुसरा साक्षीदारही भाऊबंदच ठरला होता. मग कुणीतरी जगदीशला सांगितलं की बाहेरचा असला तर वजन पडतं. माणूस बदलला, पण वेळ तीच राहिली. दार बंद असतं, कुणी बघत नाही, म्हणून निवडलेली वेळ.

तिथेच चूक होती. ज्या घटकेला परका माणूस घरात असूच शकत नाही, नेमकी तीच घटका शोधून त्यांनी तिच्यात परका माणूस बसवला. आणि जगदीश, अमृत दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही, कारण जन्मापासून ते त्या दाराच्या आतच बसत आले होते. बाहेर उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

प्रेमराज शेठ पुटपुटले, जगदीशने सांगितलं तेवढंच सांगायचं होतं, रोटाचं मी आपलं पदरचं घातलं.

"तेवढंच खरं उपयोगी पडलं," मॅडम म्हणाल्या.

६

जगदीशने अर्ज मागे घेतला. खोट्या कागदाबद्दल पुढे काय करायचं ते मॅडम आणि सुनिता ठरवणार होत्या. घाई नव्हती, आता घाई जगदीशला होती. अमृतने जबाब लिहून दिला आणि अंगठ्याने डोळे पुसत सुनितासमोर उभा राहिला. तिने त्याला माफ केलं असंही नाही. "शेतातली नळी फुटलेलीच आहे," एवढंच म्हणाली. तो गेला, नळी बसवायला.

अक्का बाहेर पायरीवर एकटी बसली होती. सुनिता तिच्याजवळ जाऊन टेकली. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. थोड्या वेळाने अक्काने तिच्या पाठीवर हात ठेवलेला दिसला. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, परीक्षेत मृत्युपत्राच्या साक्षीदारांवर प्रश्न येतो, तू तो नाही सोडवलास तरी चालेल. असं कौतुक त्यांनी वर्गात कुणाचं केलेलं मला आठवत नाही. मी घरी फोन लावला. दूध घेतलं होतं.

सर्कल साहेबांनी सगळ्यांना पुन्हा आत बोलावलं. वारस लावायचे होते. त्यांनी पेन उघडलं, सुनिताकडे पाहिलं आणि विचारलं, तुमचं पूर्ण नाव?

"पोरीचं आधी लिहा," सुनिता म्हणाली.

साहेबांनी लिहिलं, आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "इंदू समाधान."

बाकावर उभी असलेली इंदू एकदम ताठ झाली. अंगणवाडीत शिकवलेलं तिला पक्कं पाठ होतं. साऱ्या चावडीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"हजर."